छोट्या डेटासाठी स्पार्क कशाला?

डेटा ५० एमबीचा आणि मॉडेलचं ट्रेनिंग स्पार्कवर (म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणाऱ्या साधनावर), मग ते रखडणारच. तुमच्या कोडचा दोष नाही. स्पार्क आधी जेव्हीएम (ज्यावर ते चालतं ते जावाचं इंजिन) उठवतं, कामाचे टास्क म्हणजे छोटे तुकडे पाडतं, ते वाटतं, डेटा सिरियलाइझ करतं, म्हणजे पाठवण्याजोग्या बाइट्समध्ये बदलतं. खरी आकडेमोड त्यामानाने चिमूटभर. शफल पार्टिशनचा, म्हणजे डेटाची फेरवाटणी करताना होणाऱ्या तुकड्यांचा, डिफॉल्ट आकडाच २०० आहे. हजार ओळींचे २०० तुकडे केले तर एकेकाच्या वाट्याला पाचच ओळी! लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (हो की नाही असा अंदाज बांधणारं, फेऱ्याफेऱ्यांनी शिकणारं मॉडेल) तर टास्क वाटण्याचा खर्च दर फेरीला नव्याने बसतो.

माझं ऐका, डेटा रॅममध्ये आरामात मावतोय तोवर पांडाज आणि सायकिट-लर्न या एकाच मशीनवर चालणाऱ्या पायथन लायब्ररीच वापरा. स्पार्क शिकायचंच असेल तर जरूर शिका, पण लोकल मोडमध्ये, म्हणजे आपल्या एकाच मशीनवर. पार्टिशन चारवर आणा, पुन्हा चालवा आणि स्पार्क यूआयमध्ये (ब्राउझरमध्ये दिसणारं स्पार्कचं पान) शेड्युलर डिले, म्हणजे टास्क वाटण्यात जाणारा वेळ, किती उतरला ते बघा.