ओबीतलं सोनं: भाव चढला, चटका कुठे बसतो?

मागच्या अंकात जपानमधल्या क्योतो शहराच्या निशिजिन भागातल्या विणकामावर लेख होता. किमोनोवर कमरेला बांधायचा रुंद पट्टा, म्हणजे ओबी, तिथे खऱ्या सोन्याच्या वर्खाने विणतात. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सोनं इतकं महागल्यावर सोन्याची ओबी विणणं परवडतं कसं? एका ओबीत सोनं असतं तरी किती? (वाचक, पुणे)

पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. आकडा फार लहान वाटेल, म्हणून हिशेबच मांडू.

ओबीसाठी लागणारा वर्ख कानाझावा शहरातून येतो. जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख तिथेच ठोकला जातो. नेहमीचं पान १०९ मिलिमीटर बाजूचं चौरस असतं आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. ठोकायला सोपं जावं आणि रंग नीट यावा म्हणून सोन्यात थोडी चांदी आणि तांबं घालतात. बरंच वापरलं जाणारं प्रमाण म्हणजे सोनं ९४.४ टक्के, चांदी ४.९ टक्के आणि उरलेलं तांबं. असं एक पान जेमतेम २२ मिलिग्रॅम भरतं. फुकुरो-ओबी या समारंभात चालणाऱ्या प्रकारात पट्टा साधारण ३१ सेंटिमीटर रुंद आणि ४.३ मीटर लांब असतो, आणि मागची बाजू साध्या कापडाची असते. दर्शनी बाजू पूर्ण वर्खाची करायची तर ११२ पानं लागतात. पानावर पान चढतं ते आणि कडेचं वाया जाणारं धरून १२५ म्हणा.

आता भाव. २००० सालाच्या सुमारास जपानमध्ये सोनं ग्रॅमला १,००० येनच्या आसपास होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये किरकोळ भाव १०,००० येनच्या वर गेला आणि सप्टेंबर २०२५ संपता संपता २०,००० च्या. म्हणजे त्याच १२५ पानांतल्या धातूची किंमत २,७५० येनवरून ५५,००० येनवर गेली. यात ठोकणाऱ्याची मजुरी नाही. खऱ्या सोन्याची हातविणीची ओबी काही लाख येनला विकली जाते. त्यात ५५,००० येन जीवघेणे नाहीत, पण पूर्वी ज्या खर्चाकडे कोणी बघत नव्हतं तो आता पहिल्या ओळीत आला आहे.

खरा चटका बसतो तो अडकलेल्या पैशाचा. वर्ख ठोकणाऱ्याकडे एका वेळी तयार पानांपेक्षा कितीतरी जास्त सोनं कामात असतं. कडा कापून पान चौरस करतात, तेव्हा निघालेले तुकडे परत वितळवले जातात. म्हणजे सोनं वाया जात नाही, पण पैसा फिरत राहतो आणि भाव दुप्पट झाला की भांडवलही दुप्पट लागतं. पुढे ओरिमोतो, म्हणजे कारखानदार. निशिजिनमध्ये एका ओबीमागे वीसेक वेगवेगळी कामं असतात आणि बहुतेक कामांची घरं स्वतंत्र असतात. नक्षीचा आराखडा, रंगणी, वर्ख चिकटवणं, कापणं, विणणं, सगळं वेगळ्या दारात. या सगळ्यांना काम देणारा आणि मालाचे पैसे आधी भरणारा ओरिमोतो. त्याने वर्ख आजच्या भावाने घेतलेला असतो, पण किमोनोच्या धंद्यात तयार माल घाऊक व्यापाऱ्याकडे ‘विकला तर पैसे’ या बोलीवर ठेवायची पद्धत रुळलेली आहे. तोवर सोन्याचं व्याज ओरिमोतोच भरतो. म्हणून दुकानात ठेवण्यासाठी माल विणून ठेवणं कमी होतं आणि ऑर्डर आली तरच सोनं काढायचं धोरण येतं.

प्रश्न : पैठणीच्या जरीत तार असते. जपानी जरीत कागद असतो हे खरं का? कागद विणताना तुटत नाही? (वाचक, येवला)

खरं आहे, आणि भावाचा परिणाम दोन्हीकडे वेगळा का होतो हे याच फरकात आहे. आपली खरी जर म्हणजे चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा चढवायचा. तिच्यात वजन चांदीचं असतं. जपानी पद्धतीत धातूचं वजन जवळपास नाहीच, कारण सोनं कागदावर बसवलेलं असतं.

पद्धत अशी. चिवट हातकागद घ्यायचा आणि त्याची छिद्रं बुजवून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. त्यावर उरुशी नावाच्या झाडाचा चीक पातळ लावायचा आणि जवळजवळ पुसून काढायचा. मग बांबूच्या चिमट्याने वर्खाचं पान उचलून ठेवायचं. उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही. तिला सुमारे २५ अंश उष्णता आणि ७० ते ८० टक्के दमटपणा लागतो, म्हणून कागद बंद दमट कपाटात ठेवतात. चीक जास्त राहिला तर वर्ख त्यात बुडतो आणि सोनं मळकट दिसतं. फार पुसला तर पान धरत नाही आणि विणताना मागावरच्या फणीच्या ठोक्याने सोनं झडतं. भाव वाढल्यावर या टप्प्यावरची चूक सर्वांत महाग पडते, कारण कागदावरून सोनं परत काढणं आतबट्ट्याचं.

तयार कागद कापणाऱ्याकडे जातो. एका सुनात, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटरमध्ये, ८० पट्ट्या कापल्या तर प्रत्येक पट्टी ०.४ मिलिमीटरपेक्षाही अरुंद. कागदाची एक कड न कापता सोडतात, कंगव्यासारखी, म्हणजे पट्ट्यांचा क्रम बिघडत नाही. कागदावर आधीच चित्र असेल तर हा क्रमच सगळं काही. विणताना धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं साधन, चालत नाही. विणकर बांबूची चपटी काठी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुतांच्या, फटीतून पलीकडे घालतो, तिच्या टोकाच्या खाचेत एक पट्टी अडकवतो आणि ओढून घेतो. ‘हिकिबाकु’ या नावाचा अर्थच ओढलेला वर्ख. पट्टी उलटी पडली की कागदाची पाठ वर येते आणि सोन्यात एक आडवी मेलेली रेघ दिसते. दोन ओळी पुढे गेल्यावर लक्षात आलं तर उसवावं लागतं. ४.३ मीटरसाठी अशा ११,००० हून जास्त पट्ट्या.

तुटण्याचं म्हणाल, तर पातं बोथट असलं की कडेला बारीक चिरा राहतात आणि कोरड्या हिवाळी हवेत पट्टी तिथेच तुटते. म्हणून विणायच्या खोलीत हवा दमट ठेवणं सोन्याइतकंच महत्त्वाचं.

दुसरा प्रकार किन्शी. तीच सोनेरी कागदाची पट्टी रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळायची. क्योतोजवळचं जोयो हे गाव या सोनेरी-रुपेरी सुतासाठीच ओळखलं जातं. ही किन्शी मऊ आणि टिकाऊ, धोट्यातूनही चालते, पण सोनं जास्त खाते. धाग्याची दिसणारी रुंदी १ धरली तर घेर ३.१४, आणि सोनं सगळ्या घेरावर. तेवढाच भाग झाकायला जवळपास तिप्पट वर्ख.

प्रश्न : मग विणकर सोनं वाचवतात कुठे? (वाचक, नाशिक)

जिथे ते दिसत नाही तिथे. ओबी कमरेला दोनदा गुंडाळतात, त्यातला पहिला वेढा दुसऱ्याखाली झाकला जातो. पूर्ण लांबीभर नक्षी असलेल्या ओबीला झेन्त्सु म्हणतात. झाकल्या जाणाऱ्या भागात साधी वीण ठेवून सुमारे साठ टक्के लांबीवर नक्षी केली की रोकुत्सु. पाठीवरची चौकोनी घडी आणि पोटावरचा दर्शनी भाग एवढ्यावरच नक्षी असली की ताइको-गारा. सोनं महाग झालं की झेन्त्सुऐवजी रोकुत्सु निघते. बांधल्यावर बघणाऱ्याला फरक कळत नाही. मात्र अंगाने भरलेल्या व्यक्तीला साधा भाग बाहेर येण्याचा धोका असतो, म्हणून ओबी घेताना कमरेचं माप सांगणं बरं.

दुसरी बचत बाण्यात, म्हणजे आडव्या सुतात. सोनेरी बाणा काठापासून काठापर्यंत नेला तर नक्षी नसलेल्या जागी तो कापडाच्या पाठीला नुसता पसरून राहतो. त्याऐवजी फुलापुरतं सूत छोट्या कांडीवर ठेवायचं आणि फुलाच्या हद्दीत पुढेमागे फिरवायचं. पैठणीच्या पदरावर कांड्या फिरवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सोनं वाचतं, हात जास्त लागतात. वेळ स्वस्त आणि सोनं महाग असेल तेव्हा हे परवडतं. निशिजिनमध्ये हाताने विणणारे बहुतेक आता वयस्क आहेत, त्यामुळे तिथे हातही स्वस्त नाहीत. खरी अडचण ही, सोन्याची नव्हे.

प्रश्न : सोन्याऐवजी चांदी का नाही वापरत? (वाचक, बेळगाव)

वापरतात, फार पूर्वीपासून. चांदीच्या वर्खावर पिवळा थर दिला की सोन्यासारखं दिसतं. चांदीला गंधकाची धुरी देऊन तांबूस, निळसर, काळपट छटाही मुद्दाम काढतात. त्याला याकिहाकु म्हणतात, आणि आमच्या मते साध्या सोन्यापेक्षा ते जास्त देखणं. पण चांदी सोन्याइतकी पातळ ठोकता येत नाही. हवेतल्या गंधकाने ती न सांगताही काळी पडते. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीनेही औंसाला ५० डॉलर ओलांडले. पांढरा रंग कायम राहायला हवा असेल तर प्लॅटिनमचा वर्ख वापरतात. तो काळा पडत नाही.

रोजच्या मालात उत्तर वेगळंच आहे. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ बसवायची, वर पिवळा रंग द्यायचा आणि कापून पट्ट्या करायच्या. हे सूत किलोमीटरच्या हिशेबाने सलग मिळतं, यंत्रमागावर चालतं, एकेक पट्टी ओढावी लागत नाही. म्हणजे वाचते ती मुख्यतः मजुरी. दोष दोन. फिल्म ताणली जाते, मागावरून उतरल्यावर आखडते आणि कापडाला बारीक चुण्या पडतात, म्हणून ताण कमी ठेवावा लागतो. आणि पिवळा रंग उन्हाने उडाला की खालचं ॲल्युमिनियम पांढरट दिसू लागतं. खरं सोनं मंद चमकतं, कारण कागदाचा पोत वर्खातून उमटतो. फिल्म आरशासारखी झगझगते.

प्रश्न : ओसाकात जुनी ओबी घेतली आहे. सोनं खरं आहे का, हे कसं ओळखायचं? ठेवायची कशी? (वाचक, ओसाका)

आधी लेबल वाचा. ‘किन्झोकुशी-फू’, म्हणजे ‘धातूच्या सुतासारखं’, या शब्दांसोबत पॉलिएस्टर असेल तर ती फिल्म. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून सोनेरी सुताचा एक सेंटिमीटर तुकडा काढून चिमट्यात धरून जाळा. राख झाली तर कागद, कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पण कागद निघाला म्हणून सोनं सिद्ध होत नाही. कागदावर रंगवलेली चांदी असेल तर पट्टीच्या कडांना काळेपणा असतो, पितळ असेल तर तपकिरी किंवा हिरवट झाक. पन्नास वर्षांनंतरही कडा स्वच्छ पिवळ्या असतील तर सोन्याची शक्यता चांगली.

ठेवताना रबरबँड लावू नका. रबरातलं गंधक चांदीवर पट्टा उमटवतं. कपाटात कापूर आणि दुसऱ्या जातीच्या कीडनाशक गोळ्या एकत्र ठेवू नका, दोन्ही मिळून विरघळतात आणि डाग पडतात. गोळी ओबीला टेकू देऊ नका. हातकागदात गुंडाळा, कोरड्या दिवशी सावलीत वारा द्या. इस्त्री उलट बाजूने, मधे कापड घालून, वाफेशिवाय. वर्खाच्या पट्ट्या आडव्या असतात, म्हणून आडवी घडी दोन पट्ट्यांच्या मधे बसते आणि काही बिघडत नाही. ओबी लांबीने दुमडून बांधतात त्या टोकाकडे मात्र प्रत्येक पट्टी मोडते. सोनं सर्वांत आधी तिथेच झिजतं. जुनी ओबी विकत घेताना पहिल्यांदा ती दुमड उघडून बघा.

प्रश्न : आपल्याकडे जुन्या साड्यांची जर वितळवून पैसे मिळतात. ओबीचं तसं होतं का? (वाचक, मुंबई)

नाही. जुन्या शालूच्या जरीत तोळ्यांच्या हिशेबाने चांदी असायची, म्हणून दारावर येणारा जरीवाला ती जाळून घ्यायचा. वर्खाच्या पट्ट्यांनी पूर्ण विणलेल्या ओबीत पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, तेही हजारो कागदी पट्ट्यांवर पसरलेलं आणि उरुशीत रुतलेलं. जाळून, गाळून शुद्ध करायचा खर्च धरला तर हातात फार थोडं उरतं. तीच ओबी कापून टेबलावरचा पट्टा किंवा बटवा शिवला तर जास्त पैसे येतात.