गाडीच्या काचेवर आतून वाफ धरते तेव्हा हीटर लावावा की एसी?

थंडीत आणि पावसात काचा आतून धूसर होतात तेव्हा हीटर लावावा की एसी, आणि गारठ्यात एसी लावणे म्हणजे इंधन वाया घालवणे नव्हे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही एकाच वेळी लावावेत आणि हवा बाहेरून घ्यावी.

हे उत्तर विचित्र वाटते, कारण एसीचे काम केवळ गारवा देणे एवढेच आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एसी हवा कोरडीही करतो. आत येणारी हवा प्रथम एसीच्या थंडगार नळ्यांवरून जाते, तिच्यातील बाष्पाचे तिथे पाणी होते आणि ते गाडीखाली ठिबकून जाते. त्यानंतर हीच कोरडी हवा हीटरच्या जाळीवरून जाऊन तापते. त्या जाळीत इंजिनचे गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) फिरत असते; म्हणजे पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत हीटरची ऊब ही इंजिनने एरवी बाहेर टाकलेलीच उष्णता असते आणि तिच्यासाठी वेगळे इंधन जवळजवळ लागत नाही. खर्च होतो तो एसीचा कॉम्प्रेसर (त्यातील वायू दाबणारा पंप) फिरवण्याचा, पण समोरचा रस्ता स्वच्छ दिसत नसताना तो खर्च वाचवू नये, असे मला अगदी मनापासून वाटते. विजेवर चालणाऱ्या गाडीत मात्र ऊबही बॅटरीतूनच येते, म्हणून तिथे आसन तापवण्याची सोय असल्यास ती आधी वापरणे किफायतशीर ठरते.

काच धूसर करणारे बाष्प बहुतांशी आपल्या श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून येते. आतलीच हवा फिरवत ठेवणारे, वळलेल्या बाणाचे बटण चालू राहिले तर ते बाष्प आतच कोंडले जाते, आणि माझ्या पाहण्यात बहुतेकांची अडचण या एकाच बटणापाशी असते. धुराच्या वाहनामागे अडकल्यावर, बोगद्यात, किंवा उन्हात तापलेली गाडी लवकर थंड करताना ते थोडा वेळ वापरावे आणि आठवणीने बंद करावे. लांबच्या प्रवासात ते तसेच राहिल्यास आतील कार्बन डायऑक्साइड वाढून चालकाला सुस्ती येऊ शकते. समोरच्या काचेचे, वर जाणाऱ्या नागमोडी बाणांचे बटण दाबल्यावर बऱ्याच गाड्या बाहेरची हवा, एसी आणि जोराचा पंखा हे सारे आपोआप जुळवतात. बाहेरचे तापमान शून्याजवळ गेल्यावर बहुतेक गाड्यांचा कॉम्प्रेसर चालूच होत नाही, परंतु इतक्या थंड हवेत बाष्प मुळातच कमी असते, त्यामुळे ती तापवून काचेवर सोडली तरी काम होते.

आणखी एक गोष्ट आधी तपासावी: काचेवरून बोट फिरवून धुके आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे पाहावे. उष्ण आणि दमट हवेत एसीचा गार झोत काचेवर लागल्यास वाफ बाहेरून धरते, आणि तेव्हा वायपर फिरवून झोत काचेवरून हटवणे व तापमान थोडे वाढवणे हाच उपाय असतो.

गाडी सुरू केल्याबरोबर तापमान शेवटच्या टोकाला नेऊन काही साधत नाही. कूलंट तापेपर्यंत हीटरमधून गारच हवा येते, म्हणून सुरुवातीला पंखा मंद ठेवावा. स्वयंचलित एसी असेल तर 22 अंशांच्या आसपासचा आकडा ठरवून बाकीचे त्याच्यावर सोडावे. मागच्या काचेवरील तारा विजेने तापतात. काच साफ झाली की त्या बंद कराव्यात.

एवढे करूनही काच लगेच पुन्हा धूसर होत असेल, तर केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी गाळणी) धुळीने भरला आहे का आणि पायाखालचे गालिचे ओले आहेत का ते पाहावे. काचेवर तेलकट थर बसून आत गोडसर वास येत असेल, तर बहुधा हीटरच्या जाळीतून कूलंट गळत असते. अशा वेळी कूलंटची पातळी पाहून गाडी लवकरात लवकर मेकॅनिककडे न्यावी.