इन्फॉर्म ७ मध्ये वेळेवर घडणारे प्रसंग लिहिताना

इन्फॉर्म ७ ही आज्ञा टाइप करत खेळायच्या कथा लिहिण्याची संगणकभाषा. तिची वाक्यं साध्या इंग्रजीसारखी दिसतात, म्हणून मनात येईल ते लिहिलं तरी चालेल असं समजू नका. ग्रॅहम नेल्सन यांची ही भाषा २००६ मध्ये आली. बोलीसारखी वाटली तरी तिचं व्याकरण काटेकोर आहे.

आधी तिचं घड्याळ समजून घ्या. खेळणाऱ्याची एक आज्ञा म्हणजे एक खेळी आणि एक खेळी म्हणजे एक मिनिट. तुम्ही वेगळं सांगितलं नाही, तर कथा सकाळी ९ ला सुरू होते. खेळणारा विचार करत तासभर बसला तरी काटा हलत नाही.

ठरावीक वेळेसाठी ‘ॲट ११:१० पीएम’ असा नियम असतो. पण सुरुवात ‘इन फोर टर्न्स फ्रॉम नाऊ’पासून, म्हणजे ‘आतापासून चार खेळींनी’पासून करा, खरी गंमत तिथे आहे. एका वाक्यात प्रसंगाला नाव देऊन तो लावून ठेवायचा आणि त्या वेळी काय होईल ते ‘ॲट द टाइम व्हेन’ या नियमात लिहायचं. दोन्हीकडे नाव अगदी सारखं हवं. तोच प्रसंग पुन्हा लावला की आधीची वेळ पुसली जाते, म्हणून दोन घंटा हव्या असतील तर दोन नावं द्या.

खेळणारा कुठेही असो, प्रसंग घडतोच. तो बागेत असताना त्याला स्वयंपाकघरातलं घड्याळ दिसायला नको, म्हणून संदेश दाखवण्याआधी नियमातच त्याची जागा तपासा. हे बहुतेक नवखे विसरतात. चाचणीसाठी ‘टेस्ट मी विथ’ मध्ये ‘झेड’, म्हणजे थांबण्याची आज्ञा, ओळीने लिहून ठेवा.