शिकारकथेतला सिंह आणि मोजपट्टीवरचा सिंह

केनियातल्या त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांनी 135 माणसे मारली असे नेहमी वाचतो. आकडा खरा मानायचा का? (सातारा)

मानू नका. 1898 साली युगांडा रेल्वेच्या त्सावो नदीवरील पुलाचे काम पाहणाऱ्या जॉन पॅटरसनने 1907 च्या पुस्तकात 28 भारतीय मजूर आणि नोंदच न झालेले स्थानिक आफ्रिकी लोक एवढेच लिहिले होते. 135 हा आकडा त्याने 1925 च्या पुस्तिकेत दिला. गोष्ट जुनी होत जाते तसा सिंह वाढत जातो, हे शिकारकथा वाचणाऱ्यांना नवे नाही.

दोन्ही सिंह शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत, त्यामुळे पडताळा घेता आला. केसांतून शेवटच्या काही महिन्यांचा आहार कळतो, हाडांतून अनेक वर्षांचा. दोन्हींतले कार्बन आणि नायट्रोजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासून 2009 मध्ये अंदाज निघाला, तो सुमारे 35 माणसांचा: एकाने 24 च्या आसपास, दुसऱ्याने 11. कमाल मर्यादा 72. मात्र हा हिशेब खाल्लेल्यांचा आहे. मारून टाकून दिलेले त्यात येत नाहीत.

जास्त माणसे खाणाऱ्या सिंहाचा खालचा सुळा तुटलेला होता आणि मुळाशी गळू होते. म्हशी-झेब्रे आवळून धरायला असा जबडा कामाचा नाही. शिवाय 1890 च्या दशकात बुळकांडीने (गुरांच्या साथीच्या रोगाने) त्या भागातली गुरे आणि रानम्हशी साफ झाल्या होत्या. पण म्हणून सिंह फक्त माणसांवर जगत होते असे नाही. 2024 मध्ये त्यांच्या तुटक्या दातांत अडकलेल्या केसांत माणसाबरोबर जिराफ आणि झेब्राही सापडले.

पॅटरसनचा सापळा का फसला? (नागपूर)

रचना चांगली होती. लाकडी स्लीपर, रूळ, टेलिग्राफच्या तारा आणि साखळ्या वापरून दोन कप्प्यांचा पिंजरा केला. मागच्या कप्प्यात आमिष म्हणून माणसे, पुढच्यात सिंह, मध्ये तीन-तीन इंचांवर रूळ. सिंह आत आला, दारही पडले. पण आत बसलेल्या शिपायांची गाळण उडाली. आधी कोणी बारच काढेना आणि मग काढले ते वीसेक, जिकडे नळी वळेल तिकडे. एका गोळीने दाराची सळई उडाली आणि सिंह त्या फटीतून निसटला. दोष यंत्रात नव्हता, अंधारात हातभर अंतरावर डरकाळी ऐकत बसलेल्या माणसांकडून नेमबाजीची अपेक्षा ठेवण्यात होता.

पुढे 9 डिसेंबरला पहिला सिंह मारला तो मचाणावरून. मचाण हा शब्द आपल्याकडचाच. पण झाड नसल्याने चार बांबूसारखे खांब आत कलवून 12 फुटांवर फळी टाकली होती. तेवढी उंची सिंहाला फार नाही, आणि तो गाढवाचे आमिष सोडून मचाणाभोवतीच घिरट्या घालू लागला. त्यात एक घुबड पॅटरसनच्या डोक्यावर आदळले! दुसरा सिंह 29 डिसेंबरला पडला.

सिंहासाठी दुनळी रायफल का पसंत करत? (पणजी)

दोन नळ्यांना दोन स्वतंत्र चाप आणि कळ असतात. एक काडतूस फुसके निघाले तरी दुसरा बार लगेच काढता येतो, बोल्ट (नवे काडतूस नळीत आणणारा दांडा) ओढावा लागत नाही. चाल करून येणारा सिंह शंभर यार्ड सहा-सात सेकंदांत कापतो. तेवढ्यात दोन नेमके बार झाले तरी पुष्कळ. सिंहाचे कातडे पातळ असते, त्यामुळे त्याला मऊ नाकाची, आत शिरल्यावर पसरणारी गोळी वापरत. हत्तीसाठीची भरीव गोळी आरपार निघून जाते. समोरून नेम धरताना आयाळ फसवते: छाती आहे त्यापेक्षा वर भासते आणि गोळी केसांतून जाते. म्हणून जाणते शिकारी सिंह आडवा होईपर्यंत थांबून पुढच्या पायालगत, अंगाच्या खालच्या एक तृतीयांश भागात नेम धरत. जखमी सिंह उंच गवतात शिरला की मागे जाण्याची घाई करत नसत. बहुतेक अपघात तिथेच झाले.

1909 च्या आफ्रिकेतील सफारीत अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चार टन मीठ कशाला नेले? (पुणे)

कातड्यांसाठी. उष्ण हवेत काही तासांत कातडे सडते आणि केस झडतात. सोलल्यावर मांस-चरबी खरवडायची, कान आतून उलटायचे, ओठ चिरायचे, पंजे बोटांच्या पेरांपर्यंत उघडायचे, मग बारीक मीठ चोळायचे. एक दिवसाने ओले मीठ झटकून नवे लावायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात टाकले तर कातडे तडकते. हमाल साधारण 60 पौंड ओझे नेत असे. चार टनांचे हमाल किती, ते तुम्हीच करा.

आज केनियात असली शिकार करता येते का? (ठाणे)

नाही, 1977 पासून बंदी आहे. सफारी आहे ती कॅमेऱ्याची. तो शब्द अरबीतून स्वाहिलीत गेला. आपली 'सफर' त्याच मुळाची. त्सावोचे नर सिंह पाहाल तेव्हा भरघोस आयाळीची अपेक्षा मात्र ठेवू नका, तिथल्या अनेकांना ती नसतेच किंवा तुरळक असते. शिकागोतले दोघेही तसेच, शिवाय अंगाने लहान दिसतात, कारण 1924 पर्यंत त्यांची कातडी पॅटरसनकडे गालिचा म्हणून जमिनीवर होती. कडा झिजल्या, कापल्या गेल्या, आणि उरल्या तेवढ्यातच पेंढा भरावा लागला.