कागद आधी, क्रोम नंतर

पाचपाखाडी, ठाणे येथील एका वाचकांनी ३ वर्षांपूर्वी पुण्यातील एका कुटुंबाकडून १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट १ लाख ४० हजार रुपयांना घेतली. व्यवहार १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाला. आरसी बुक अजून दिवंगत मूळ मालकांच्याच नावावर आहे. वागळे इस्टेटमधील गॅरेजमध्ये आतापर्यंत ५ लाख २५ हजार खर्च झाले. मूळ इंजिनाच्या ब्लॉकला तडा असल्याने भंगार बाजारातून आणलेले प्रीमियर पद्मिनी गाडीचे इंजिन बसवले आहे. क्रोम आणि सीटचे १ लाख ७५ हजारांचे काम बाकी असून, एजंट ‘व्हिंटेज पासिंगसकट सगळे’ ८५ हजारांत करून देतो म्हणतो. त्यासाठी ६ लाखांच्या ठेवीतून २ लाख ६० हजार काढावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे. ही ठेव मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी ठेवलेली आहे.

सप्रेम नमस्कार,

‘हत्ती गेला, शेपूट राहिले’ असे आपण लिहिले आहे. माझ्या हिशेबाने नेमके उलटे आहे: डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग आणि इंजिन हेच शेपूट होते, आणि गाडी आपल्या नावावर होणे हा हत्ती अजून दाराबाहेरच उभा आहे. त्यामुळे ठेव मोडू नये, आणि आरसीचा प्रश्न सुटेपर्यंत क्रोमवर एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एजंटच्या ‘व्हिंटेज’बद्दल. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळू शकतो. शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. आपली गाडी वयात बसते. मात्र ती मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे, आणि आपले इंजिन तर दुसऱ्याच गाडीचे आहे. समजा हे दालन उघडले, तरी अशी गाडी केवळ प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी पत्नीला घेऊन उपवन तलावाला चक्कर मारावी, हे जे स्वप्न आपण पत्रात इतक्या प्रेमाने रंगवले आहे, ते त्या नोंदणीत बसत नाही. आपल्याला हवी आहे ती साधी, खाजगी नोंदणी.

तिची वाट पुण्याहून सुरू होते. जुन्या पुस्तकी आरसीची माहिती संगणकावर नसेल, तर मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री करावी लागते. तिथल्या दप्तरात नोंद जिवंत आहे की रद्द झाली आहे, हे प्रथम पाहावे. त्यानंतर मूळ मालकांच्या मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची ना-हरकत जोडून फॉर्म ३१ ने गाडी एका वारसाच्या नावावर होईल, तेथून फॉर्म २९ आणि ३० ने आपल्या नावावर, आणि पुण्याची एनओसी घेऊन ती ठाण्यात येईल. आपल्याला गाडी विकणारा एकच मुलगा होता आणि त्याची बहीण परदेशी असते, असे आपण ओझरते लिहिले आहे. माझ्या मते संपूर्ण व्यवहाराची किल्ली तिच्या सहीत आहे, एजंटच्या ओळखीत नाही.

दुसरी गोष्ट इंजिनाची. बदललेल्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर चढवण्यासाठी खरेदीची पावती लागेल. पावतीशिवायचे इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर पुढचा सारा त्रास आपल्या दारी येईल. आणि चासीचा क्रमांक? तो पत्र्यावर ठोकलेला असतो. आरटीओसाठी त्यावर कागद धरून शिसपेन्सिल घासतात आणि आकडे उमटवून घेतात. नव्या रंगाच्या गाड्यांत पुटी (रंगाआधी पत्र्यावर भरतात तो लेप) नेमकी त्या खाचांत भरलेली असते, आणि मग कागदावर नुसता काळा पट्टा उमटतो. रंगावर एवढा खर्च करून शेवटी तोच तेवढा भाग घासावा लागलेले लोक मी पाहिले आहेत.

आता आकडे. आजवरचे ६ लाख ६५ हजार आणि पुढचे २ लाख ६० हजार मिळून ९ लाख २५ हजार होतात, तर आपण पत्रात उल्लेख केलेल्या नेरूळच्या गृहस्थांनी पूर्ण झालेल्या, कागदपत्रांसह गाडीला ७ लाख देऊ केले आहेत. म्हणजे ही गुंतवणूक नाही, हौस आहे. हौसेला माझी हरकत नाही, पण ती मुलाच्या फीमधून भागवू नये. २० वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क २०२५ पासून १० हजार रुपये आहे. त्यावर उशिराचा आकार, पर्यावरण कर, हस्तांतरण आणि पुण्याच्या फेऱ्या धरून मी ५० हजारांची मर्यादा घालेन, तीही मासिक बचतीतून. एजंटने ८५ हजारांची फोड लेखी दिली नाही, तर त्याला नमस्कार करावा.

विमाही घ्यावा. इतक्या जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून गॅरेजची बिले जपावीत. ती आणखी एका कारणासाठी लागतील. १९८३ मध्ये २० हजारांना घेतलेली १९३१ ची फोर्ड २१ लाखांना विकणाऱ्या मालकाला, ती वैयक्तिक वापरात होती हे सिद्ध करता न आल्याने विक्रीच्या नफ्यावर करसवलत मिळाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच कायम ठेवले. आपण आज तोट्यात आहात, त्यामुळे ही चिंता तूर्त नाही.

या शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन पेन्सिल प्रिंट घ्यावी आणि ती आरसी बुकाशी अंकागणिक ताडून पाहावी. जुळली, तर विक्रेत्याच्या परदेशातील त्या भगिनींना पत्र लिहावे. जुळली नाही, तर कोणालाही आणखी पैसे देण्यापूर्वी दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे यावे.