पाचशे रुपयांत विंडोज मिळतंय, घेऊ का?

या वेळी पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच रड. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून जो तो विचारतोय की आता ११ घ्यायचं तर कुठून आणि कितीला. त्यातली तीन-चार पत्रं घेतलीत, बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधा.

प्रश्न : नमस्कार सर, मी इंदिरानगरला घरूनच अकाउंट्सचं काम करतो, जीएसटी रिटर्न, टॅली वगैरे. दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर विंडोज १० प्रो. ऑनलाइन एके ठिकाणी विंडोज ११ प्रो ची लाइफटाइम की (ॲक्टिव्हेट करायचा कोड) ४९९ ला दिसली, एम. जी. रोडवरचा ओळखीचा मुलगा म्हणतो मी घरी येऊन ८०० मध्ये टाकून देतो, ॲक्टिव्हेट झालेलं दाखवतो मगच पैसे द्या. कंपनीच्या साइटवर मात्र दहा हजारांच्या वर किंमत आहे. एवढा फरक कसा काय? आणि ॲक्टिव्हेट होत असेल तर मग ओरिजिनलच ना?

उत्तर : दादा, आधी पैसे पाकिटात ठेवा, कारण कदाचित तुम्हाला एक रुपयाही द्यायचा नाहीये. तुमचं १० प्रो खरं असेल आणि मशीन बसत असेल तर ११ प्रो चा अपग्रेड फुकट आहे, तोही थेट मायक्रोसॉफ्टकडून, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमधूनच येतो. मशीन बसतं का ते बघायला त्यांचंच पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप आहे. ढोबळ हिशोब असा की इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० पासूनचा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (ही दोन्ही मशीनमधली सुरक्षेची सोय). हे टीपीएम नाही असं ॲपने सांगितलं की लोक लगेच नवीन मशीन बघायला पळतात, अरे थांबा, बऱ्याचदा ते असतं पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद असतं, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीत एफटीपीएम अशा नावाने, ते चालू केलं की झालं काम. म्हणजे जी गोष्ट फुकट मिळते तीच तो मुलगा तुम्हाला ८०० ला विकत असेल, वर चहा तुमचाच.

आता तुमचा खरा प्रश्न, ॲक्टिव्हेट झालं म्हणजे ओरिजिनल का. तर नाही. फ्लॅट घेताना मालकाने दिलेली किल्ली कुलपात फिरली म्हणून आपण पैसे मोजत नाही ना, इंडेक्स टू बघतो, नाव कुणाचं आहे बघतो. इथेही की चालली याचा अर्थ कुलूप उघडलं एवढाच. ती की तुम्हाला विकायचा हक्क विकणाऱ्याला होता का, हे ॲक्टिव्हेशनवरून कळत नाही, ते कळतं बिलावरून आणि लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे त्यावरून.

प्रकार मुख्य तीन. मशीनसोबत येतं ते ओईएम, ते त्या मदरबोर्डला बांधलेलं. स्वतंत्र विकत घेतो ते रिटेल, एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं. आणि कंपन्या, कॉलेजं घेतात ते व्हॉल्यूम. स्वस्तातल्या की बहुतेक याच तिसऱ्या टोपलीतून येतात, कुठल्यातरी कंपनीला शेकडो मशीनसाठी दिलेली एकच की कोणीतरी एकेक करून विकत बसतो. काही भंगारात गेलेल्या मशीनच्या असतात, काही डेव्हलपर लोकांना टेस्टिंगसाठी मिळालेल्या, काही तर चोरीच्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या. विकणारे कधीकधी युरोपातल्या कोर्टाचा दाखला देतात. २०१२ मध्ये तिथे वापरलेलं लायसन्स पुन्हा विकायला परवानगी देणारा निकाल आला होता हे खरंय, पण तो युरोपपुरता, आणि त्यातच म्हटलंय की विकणाऱ्याने स्वतःची कॉपी वापरातून काढली पाहिजे आणि घाऊक लायसन्सचे तुकडे पाडून विकता येणार नाही. हा दुसरा भाग ते जाहिरातीत टाकत नाहीत.

तुमच्या आत्ताच्या दोन्ही मशीनवर काय आहे ते आजच बघून घ्या. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकोनात एसएलएमजीआर टाइप करा, स्पेस, मग तिरकी रेघ आणि डीएलआय, आणि एंटर (सगळं इंग्रजी अक्षरांत अर्थात, slmgr /dli असं). दोन-चार सेकंद काहीच होत नाही, मग छोटी खिडकी उघडते, त्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत शेवटी चॅनेल लिहिलेला असतो, रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम आणि पुढे केएमएस दिसलं तर समजायचं, कोणीतरी जुगाड केलाय. केएमएस ही कंपनीच्या आतल्या सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट करायची सोय आहे, ती सुरू व्हायला किमान २५ मशीन लागतात, एकदा झालेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मशीन दर ७ दिवसांनी ते परत वाढवून घ्यायला बघतं. इंदिरानगरच्या दोन खोल्यांत २५ मशीन नाहीत, मग तुमचं विंडोज कोणाला विचारून ॲक्टिव्हेट होतंय? सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरही अशा वेळी तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सर्व्हिसने ॲक्टिव्हेट झालंय अशा अर्थाची ओळ असते, लोक फक्त ॲक्टिव्हेटेड शब्द वाचतात आणि पान बंद करतात.

तो मुलगा घरी आलाच तर एक वाक्य ऐका. काका, अँटीव्हायरस दोन मिनिटं बंद करतो हां, असं म्हणाला की तिथेच त्याला पोहे खायला घाला आणि पाठवून द्या. तो की टाकत नाहीये, खोटा सर्व्हर बसवणारं क्रॅक टाकतोय, आणि तुमच्या मशीनवर लोकांचे पॅन, आधार, बँकेचे पासवर्ड आहेत.

मीही यात हात पोळून घेतलेत, सांगतो. काही वर्षांपूर्वी एका साइटवरून ६०० रुपयांना की घेतली, छान चालली सात महिने, मग ऐन दिवाळीत स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ते पुसट राखाडी ॲक्टिव्हेट विंडोज उगवलं. काम थांबत नाही त्याने, पण मी तेव्हा एका क्लायंटला स्क्रीन शेअर करून दाखवत होतो आणि तो म्हणाला, सर तुमचंच पायरेटेड का. विकणाऱ्याला मेल केला तर तो पत्ताच अस्तित्वात नाही म्हणून परत आला. आणि ज्याला बिल म्हणत होतो ती होती पैसे मिळाल्याची दोन ओळींची मेल, त्यात ना विक्रेत्याचं नाव, ना जीएसटी नंबर, ना कुठलं लायसन्स ते.

याउलट खरा डिस्काउंट कसा असतो तेही मी बघितलंय. विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच प्रो चा अपग्रेड १,९९९ रुपयांत दिला होता, ३१ जानेवारी २०१३ पर्यंत, आणि अट अशी की मशीनवर आधीचं एक्सपी, व्हिस्टा किंवा ७ असलं पाहिजे. माझी ती मेल अजून आहे. बघा, विकणारा स्वतः बनवणारा, मुदत ठरलेली, आणि कोणाला मिळेल याची अट. ४९९ वाल्याकडे अट नाही, मुदत रोज रात्री बारापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी परत तीच.

आणि तुम्ही तर यावर धंदा करता म्हणून सांगतो, आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता दंडावर सोडू शकतं, ती सूट तुम्हाला लागू होणं अवघड. घाबरवायला नाही सांगत, पण दुसऱ्यांचे कर भरून देणाऱ्याने स्वतःचं बिल ठेवावं की नाही?

मशीन ११ मध्ये बसतच नसेल तर विंडोज १० ला सुरक्षा अपडेट वाढवून घ्यायची सोय आहे, घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट. मात्र ती घरगुती मशीनसाठीच आहे, तुमचा धंदा म्हटल्यावर मी नवीन मशीनचा विचार करीन, त्यात ओईएम विंडोज येतंच आणि बिलात वेगळी ओळ मागून घ्या.

प्रश्न : मुलीला बारावीनंतर लॅपटॉप हवा होता म्हणून कॅनडा कॉर्नरजवळून सेकंडहँड घेतला, १४ हजारांत. खाली विंडोज ७ चा घासलेला स्टिकर आहे, आत विंडोज ११ प्रो. दुकानदार म्हणतो ओरिजिनल आहे, स्टिकर बघा की. विश्वास ठेवू का? — एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, स्टिकर ७ चा आणि आत ११ प्रो, हे अगदी अशक्य नाही पण शंका घ्यावी असं आहे. पूर्वी ७ ची की १० आणि ११ ला चालायची, ती सोय सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केली. त्याआधी कोणी त्याच मशीनवर १० टाकून रीतसर ॲक्टिव्हेट केलं असेल तर ते मशीन मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत आहे आणि आजही चालेल. पण ज्या लॅपटॉपवर ७ चा स्टिकर आहे तो इतका जुना की ११ त्यावर नियमाप्रमाणे बसायलाच नको, म्हणजे दुकानदाराने तपासणी चुकवून बसवलंय, आणि पुढचे मोठे अपडेट येतील न येतील.

पडताळायचा सोपा मार्ग, वर अकाउंटवाल्या दादांना सांगितलेली खिडकी उघडून चॅनेल बघा. आणि दुकानदाराला म्हणा की माझ्यासमोर कोरं विंडोज टाक, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं, आणि की विचारेल तिथे माझ्याकडे की नाही असं कर. लायसन्स खरंच त्या मशीनचं असेल तर नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, कुठलीही की न टाकता. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये तर की बायोसमध्येच लिहिलेली असते. मूळ होम, म्हणजे विंडोजची साधी घरगुती आवृत्ती, असेल तर होमच टाका, दुकानदार उगाच प्रो टाकतात, गिऱ्हाइकाला भारी वाटतं म्हणून. तो आढेवेढे घ्यायला लागला तर उत्तर मिळालं. मुलगी कॉलेजला गेली की तिथे विद्यार्थ्यांना विंडोज किंवा ऑफिस मिळतं का तेही विचारायला सांगा, बऱ्याच कॉलेजांत कॉलेजच्या मेल आयडीवर मिळतं.

प्रश्न : ओझरला लाइट गेली-आली त्यात मदरबोर्ड उडाला. बदलल्यावर विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही. परत विकत घ्यायचं का?

उत्तर : रिटेल असेल तर नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आधी जोडलेलं असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट आहे, तिथे हार्डवेअर बदललंय असं निवडा. ओईएम असेल आणि वॉरंटीत कंपनीनेच बोर्ड बदलला तर लायसन्स चालू राहतं, सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या. बाहेरून दुसराच बोर्ड टाकला असेल तर हो, परत घ्यावं लागेल.

प्रश्न : या कटकटीपेक्षा विंडोज सोडून लिनक्स ही दुसरी सिस्टिमच टाकली तर? नाशिकरोडला वीस वर्षं लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो, श्रीलिपीचे मराठी फॉन्ट आणि डिझाइनला कोरल. काउंटरवर एक जुनं मशीनही आहे.

उत्तर : नेट, मेल, मराठी युनिकोड टायपिंग एवढंच असतं तर मीच येऊन टाकून दिलं असतं. पण तुमचं सगळं श्रीलिपी आणि कोरलवर, ते लिनक्सवर नीट चालत नाही, आणि वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली त्याच फॉन्टात. तुमच्या मशीनवर विंडोजच ठेवा, आणि लिनक्स काउंटरवरच्या त्या जुन्या मशीनवर टाका, जिथे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवतात.