दव पडलं की लाईट का जाते?

प्रश्न : आमची वाडी गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. उघड्या तारा काढून एबी केबल (आवरणाच्या तारा एकत्र पिळलेली केबल) टाकली, तरी थंडीत पहाटे दव पडलं किंवा मेअखेरची पहिली सर आली की लाईट जातेच. मुसळधार पावसात मात्र टिकते. ग्रामपंचायतीने आता काय मागावं?

उत्तर : एबी केबल टाकली ती रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) पुढच्या, घरांकडे येणाऱ्या लघुदाब लाईनवर. पहाटे जातो तो मागचा, सबस्टेशनातून रोहित्रापर्यंत येणारा 11 केव्हीचा (11 हजार व्होल्टचा) फीडर. खारा वारा तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो. थर कोरडा असतो तोवर काही बिघडत नाही. दव किंवा रिमझिम त्याला ओला करते, पण धुऊन नेत नाही. मग त्या ओलाव्यावरून करंट खांबाकडे सरकतो, ठिणग्या उडतात आणि सबस्टेशनात ब्रेकर ट्रिप होतो. मुसळधार पाऊस हाच थर धुऊन काढतो.

म्हणून आधी किनाऱ्यालगतच्या टप्प्यावर सिलिकॉन रबरचे पॉलिमर इन्सुलेटर मागा. त्यांच्यावर पाणी थेंबाथेंबाने राहतं, सलग पापुद्रा धरत नाही. अर्जात क्रीपेज अंतर, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून तारेपासून खांबाकडच्या टोकापर्यंतची लांबी, लिहाच. अतिखाऱ्या हवेसाठी दर केव्हीला 31 मिमी धरतात. 11 केव्ही लाईनचा कमाल दाब 12 केव्ही, म्हणजे सुमारे 372 मिमी. नुसतं 'पॉलिमर' लिहिलंत तर आखूड माल येऊ शकतो.

तारही पाहा. एसीएसआर तारेचा (पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियम असलेल्या तारेचा) गाभा खाऱ्या हवेत आतून गंजतो, बाहेरून ते दिसत नाही. बदलायची वेळ आली तर ॲल्युमिनियम मिश्रधातूची, पोलादी गाभा नसलेली एएएसी तार घ्यावी. आगरातून लाईन जाते तिथे झावळ्या पडणारच, छाटणी किती पुरणार? तेवढ्या गाळ्यांत (दोन खांबांमधल्या टप्प्यांत) आवरणाची तार घालावी. सगळा फीडर भूमिगत करण्याचा हट्ट आमच्या मते आत्ता नको. कातळात चर खणण्यातच बराच पैसा जाईल.

प्रश्न : एबी केबलवरच्या दोन-तीन घरांत दिवे लुकलुकतात. दोष केबलचा?

उत्तर : बहुतेक वेळा जोडणीचा. ब्लेडने आवरण सोलून तांब्याची सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमवर नुसती पिळली, की खाऱ्या ओलाव्याने पांढरी भुकटी धरते आणि सांधा तापतो. तिथे आवरण न सोलता दातांनी टोचून जोडणारा पिअर्सिंग कनेक्टरच हवा, त्याच्या बोल्टचं डोकं तुटेपर्यंत आवळलेला. केबलच्या टोकाला टोपी हवी, नाहीतर पाणी आत झिरपतं. एका घरात दिवे मंद आणि शेजारी भगभगीत दिसले, तर न्यूट्रल (परतीच्या तारेचा सांधा) सुटला असं समजा. टीव्ही-फ्रिज जळण्याआधी मेन स्विच पाडा आणि वीज तक्रारीच्या 1912 क्रमांकाला फोन करा. खांबावर स्वतः चढू नका.